योग्य प्रमाणात

१४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. रागात केलेला आहे, पण केलेला आहे.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून हे पत्र औषधाच्या रिकाम्या कॅनच्या खोक्यात घालून पाठवते आहे. कॅन तुझ्या कंपनीला परत लागतात, तेव्हा खोकं तरी उघडशीलच.

मुद्द्याचं आधी सांगते, कारण शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय आपल्या घरात कुणालाच नाही. औषध पाठवणं बंद कर. आपल्या माशांना काहीही झालेलं नाही. मागचा कॅन आला तेव्हाही झालेलं नव्हतं, त्याच्या मागच्या वेळीही नव्हतं.

तुझा कॅन आला की इथे काय होतं ते ऐक. अण्णा हातातला चहा तसाच ठेवून उठतात. झाकणाला चिकटवलेली तुझी चिठ्ठी मोठ्याने वाचतात. चिठ्ठीत असतं काय? ‘योग्य प्रमाणात वापरावे.’ संपलं. ना ‘अण्णा’, ना ‘कसे आहात’. पण ते वाचतात अशा थाटात की स्वयंपाकघरात बसलेल्या आईला वाटावं, पानभर मजकूर आहे. मग चष्मा पुसतात आणि म्हणतात, “चला, कोणत्या टाकीला द्यायचं?”

“कोणत्या टाकीला काय झालंय?” मी विचारते.

“काही व्हायची वाट बघायची का?”

आणि हे बोलतंय कोण? चार वर्षांपूर्वी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले आणि तू औषधाचं नाव काढलंस, तेव्हा “माझ्या पाण्यात विष पडणार नाही” म्हणून टाकीच्या कठड्यावर ठाण मांडून बसलेला हाच माणूस. मासे गेले. “तुमच्या हट्टाने मारलेत” असं तू अंगणात उभा राहून ओरडलास, बॅग उचललीस आणि माशांची औषधं बनवणाऱ्या कंपनीतच जाऊन चिकटलास. मला वाटलं, दोन हट्टी माणसांतलं एक कमी झालं, आता घर शांत होईल. कसलं काय! आता एक तिथे बसून हट्ट करतो, एक इथे बसून करतो, आणि मधल्या मधे माझी फरफट होते.

तर, टाकीचं येणारं पाणी बंद करून अण्णा औषध ओततात. मासे वेड्यासारखे पळतात, पाण्याबाहेर उसळतात, कठड्याला अंग घासतात. अण्णा खूश. “बघ कसे तरतरीत झाले! त्याचं औषध लगेच लागू पडतं.” अरे, डोळ्यांत साबण गेला तर आपणही नाचतोच की. तासाभराने पाणी सोडलं की तेच तरतरीत मासे हवेच्या नळ्यांपाशी तोंडं वासून गोळा होतात. मग नुसते पडून राहतात. खाणं टाकलं तर बघतही नाहीत. तोपर्यंत अण्णा घरात जाऊन झोपलेले असतात, समाधानाने.

बंद कर, एवढंच.

तुझी,
बारकी (बेचाळीस वर्षांची झाले तरी)

९ डिसेंबर

दादा,

माझ्या पत्राचं उत्तर म्हणून तू दोन कॅन पाठवलेस. धन्य आहेस.

खोक्यात पत्र होतं, ते तू वाचलंस, हे मला माहीत आहे, कारण या वेळी चिठ्ठीत एक अक्षर वाढलं आहे. ‘योग्य प्रमाणातच वापरावे.’ तो ‘च’ माझ्यासाठी होता ना? आभारी आहे. अण्णांनी तो ‘च’ दोनदा वाचला आणि म्हणाले, “बघ, काळजी आहे त्याला.”

शेवटी मी शहरातून माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. म्हटलं, घरच्यांचं कुणी ऐकत नाही, निदान बाहेरच्याचं तरी ऐकतील. अण्णांचा औषध द्यायचा मुहूर्त होताच, तो बाईंच्या डोळ्यांदेखत पार पडला. बाईंनी जाळीने एक मासा आधी काढला होता, एक नंतर काढला. दोघांचं थेंबभर रक्त घेतलं. साखर मोजायची होती, तर त्यांच्या यंत्राची बॅटरी गेलेली. आईने आतून अण्णांचं मधुमेहाचं यंत्र आणून दिलं. बाई म्हणाल्या, “चालतं हे.” आणि खरंच चाललं! औषधाआधीच्या माशाची साखर नेमस्त. औषधानंतरच्या माशाची अशी चढलेली की अण्णांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

“माशाला मधुमेह?” आईने विचारलं.

“मग यांचं गोड बंद करायचं का?” अण्णा अगदी गंभीरपणे म्हणाले. स्वतःचं गोड कधी बंद केलं नाही, माशांचं करायला निघाले.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ही खाण्याची साखर नाही, भीतीची आहे. संकट आलं की शरीर पळण्यासाठी साखर सोडतं. ओढ्यातला मासा पळून जातो. टाकीतला पळणार कुठे? गोल गोल फिरतो आणि दमतो.”

मग त्यांनी कल्ला उचलून दाखवला. आतली लाल झालर सुजून जाड झाली होती. या औषधाने एक तर पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि असेल तो घ्यायचं साधनच सुजतं. अंगावरची बुळबुळ असते ना, जिच्यामुळे मासा हातातून निसटतो, तीच त्याची खरी कातडी समज. औषधाने ती धुऊन जाते. मग पाण्यातली साधी बुरशीसुद्धा अंगावर बसते. ती बुरशी दिसली की अण्णा म्हणतात, “बघ, आजार आलाच,” आणि दुसरा कॅन उघडतात. आजारावर औषध, औषधाने आजार. या फेऱ्यातून आपण सुटणार कधी, ते मला सांग.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहिते. बाईंना मी चार वर्षांपूर्वीचे ठिपके सांगितले. त्या म्हणाल्या, तेव्हा औषध द्यायलाच हवं होतं. “औषध वाईट नसतं. पण उपचार म्हणजे माशाला मारच असतो. आजाराचा मार त्याहून मोठा असेल तेव्हाच तो द्यायचा.” म्हणजे तेव्हा तू बरोबर होतास. घे, लेखी दिलं. आता तरी समाधान झालं असेल तर पुढचं वाच.

मला काळजी थोरल्या टाकीची आहे. तिथल्या माद्या अंड्यांवर आल्या आहेत. त्यांना असा त्रास झाला तर अंडी पोटातच जिरतात, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मागच्या वर्षी अंडी का कमी मिळाली, हे मला आत्ता कळलं. यंदाही गेली तर पुढच्या वर्षी टाक्यांत सोडायला पिल्लंच नसतील. मग टाक्या सुकवायच्या आणि मी नोकरी शोधायची. मासे सोडून दुसरं काही न येणाऱ्या बाईला कोण कामावर ठेवतं, ते बघूच.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. बाईंना चहा दिला, गाडीपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर म्हणाले, “बाई हुशार आहेत. पण आपला मुलगा त्याच धंद्यात आहे. त्याला जास्त कळतं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. खरोखर मारला, आवाज आला.

बारकी

१७ जानेवारी

दादा,

लहान टाकीतले मासे गेले. सगळे.

आता तू म्हणशील, प्रमाण चुकलं. प्रमाण चुकलं नाही. अण्णांनी मापाच्या भांड्याने मोजून घातलं, मी स्वतः पाहिलं. झालं ते वेगळंच.

तुझे कॅन ते कुठे ठेवत होते, माहीत आहे? आपल्या शीतघरात, बर्फाच्या लाद्यांशेजारी. मला पत्ताच नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, “चांगली वस्तू थंडाव्यात टिकते. तो एवढ्या लांबून पाठवतो, खराब कशी होऊ देऊ?” कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते, लोणीसुद्धा आई इतकं जपत नाही. आणि कॅनच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत तुझ्या कंपनीने छापलंय, थंडीत ठेवू नये. ती अक्षरं वाचायची तर अण्णांचा चष्मा पुरत नाही, मला भिंग लागलं.

थंडीने औषधाच्या तळाशी पांढरा साका बसला होता. तो साका म्हणजे माशांचं मरण, हे डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. वरवरचं ओतलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण अण्णांना तू ओळखतोस. आपल्या लहानपणी खोकल्याची बाटली अर्धा मिनिट खळखळ हलवल्याशिवाय त्यांनी कधी चमचा भरला होता का? खाली बसलेलं तेच खरं औषध, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी कॅन दोन्ही हातांत धरून हलवला. चांगला, मनापासून हलवला. आणि ओतला.

या वेळी मासे उसळले नाहीत. एका बाजूला कलंडले.

अण्णा स्वतः पाण्यात उतरले. पायजमा मांडीपर्यंत भिजलेला, हातात एकेक मासा धरून त्याचं तोंड वाहत्या पाण्याकडे करत उभे. मी म्हटलं, बाहेर या, काही उपयोग नाही. ऐकेनात. आईने जाऊन हाताला धरून आणलं तेव्हा आले. दोन दिवस जेवले नाहीत.

मला वाटलं, चला, निदान आता तरी हे थांबेल. तर तिसऱ्या दिवशी म्हणतात, “चूक माझी आहे, औषधाची नाही. त्याला यातलं काही कळवू नकोस. उगाच मनाला लावून घेईल.” आणि उरलेले कॅन त्यांनी झोपायच्या खोलीत, स्वतःच्या पलंगाखाली आणून ठेवलेत. उबेत राहावेत म्हणून. आईने नाकाला पदर लावून उशी उचलली आणि माझ्या खोलीत झोपायला आली.

दादा, माझ्या डोक्यात इतके दिवस प्रकाश पडला नव्हता, तो त्या दिवशी अण्णांना पाण्यात उभं पाहून पडला. हा माणूस माशांना औषध देतच नाहीये. तुला सांगतोय, तू बरोबर होतास म्हणून. तोंडाने सांगता येत नाही, म्हणून टाकीत ओतून सांगतोय. आणि तुला ऐकू येत नाही, म्हणून परत परत ओततोय. माफी मागायची तुझी, आणि ती माशांच्या अंगावर! तूही तसलाच. ‘कसे आहात’ लिहायला हात जड होतो, म्हणून पाच लिटरचा कॅन पाठवतोस. तुम्हा दोघांना एका टाकीत टाकून वरून औषध ओतावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता त्यांनी थोरल्या टाकीचं नाव काढलं आहे. “अंडी धरायच्या आधी माद्यांना एकदा देऊन घेऊ. मागे तो हेच म्हणाला होता.” फोन कर. एक मिनिट बोल. “अण्णा, नको” एवढे दोनच शब्द. ते तुझं ऐकतील. माझं ऐकत नाहीत, कारण मी इथेच आहे.

बारकी

११ फेब्रुवारी

दादा,

तू फोन केला नाहीस. मी वाट बघून थकले आणि शेवटी जे सुचलं ते केलं.

अण्णा दवाखान्यात तपासणीला गेले होते, तेव्हा पलंगाखालचे सगळे कॅन मी बाहेर काढले. औषध डॉक्टरीणबाईंच्या माणसाने नीट बंदोबस्ताने नेलं. ओढ्यात ओतलं असेल असा संशय घेऊ नकोस, मी अण्णांची मुलगी असले तरी अक्कल शाबूत आहे. कॅन धुतले, वाळवले, आणि नळाचं पाणी भरून होते तसे ठेवून दिले. तुझी चिठ्ठीही जिथल्या तिथे.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “नवऱ्याला फसवायला मुलीला मदत करायची वेळ आली.” आणि झाकणं घट्ट लावून दिली. माझ्या मनगटात तेवढा जोर नाही.

त्यानंतर अण्णांनी थोरल्या टाकीला तीनदा ‘औषध’ दिलं. दर वेळी सगळा सोहळा. चिठ्ठी वाचणं, मोजणं, हलवणं, कठड्याशी उभं राहणं. मीही शेजारी गंभीर चेहरा करून उभी. माद्या निवांत फिरत राहिल्या. पहिल्या वेळी मला भीती, की मासे नाचले नाहीत म्हणून अण्णांना शंका येणार, दुप्पट ओतणार. पण अण्णा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “या वेळचं औषध सौम्य आहे.”

“हो,” मी म्हटलं, “नवीन निघालं असेल.”

“चांगलं आहे. त्याला लिही, हेच पाठवत जा.”

तेव्हा लिहिते आहे. हेच पाठवत जा. आमच्या नळाला येतं, पण तुझ्याकडचं वेगळं.

माद्या खायला लागल्या आहेत. पोटं भरलेली दिसतात. मी कुणाला सांगत नाही, दृष्ट लागेल म्हणून नव्हे, सांगायला ऐकणारं माणूस हवं म्हणून.

बारकी

२० मार्च

दादा,

अंडी मिळाली. भरपूर, टपोरी, केशरी. ताटल्या कमी पडल्या, शेजारच्या टाकीवाल्यांकडून मागून आणल्या. मी आणि आई कोपरापर्यंत हात भिजवून दिवसभर उभ्या होतो. खूप दिवसांनी मला रडू आलं आणि ते रागाचं नव्हतं.

अण्णा ताटल्यांवरून वाकून वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते समाधान होतं, “त्याचं औषध लागू पडलं” वालं. मी गप्प राहायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही, तू लहानपणापासून सांगतोस. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, “अण्णा, ते औषध नव्हतं. पाणी होतं. मी भरलं होतं. औषध दिलं असतं तर आज या ताटल्या रिकाम्या असत्या.”

अण्णांनी ताटली खाली ठेवली.

“माहीत आहे,” म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“त्या औषधाने माझ्या डोळ्यांची आग व्हायची. पहिल्याच दिवशी झाली नाही. एवढंही न कळायला मी काय काल मासे पाळायला लागलो?”

“मग तीन-तीनदा ओतत का होतात? चिठ्ठी वाचून, मापाने मोजून?” माझा आवाज चढला. आई मधे पडायला आली, तिलाही मी बाजूला केलं. “आणि सौम्य आहे काय, हेच पाठवायला लिही काय! माझी चेष्टा चालली होती का?”

अण्णा हात पुसत राहिले. कोरडे झाले तरी पुसत राहिले. मग म्हणाले, “औषध नको म्हणून तू कळवलं असतंस आणि त्याने खरंच थांबवलं असतं, तर त्याच्याकडून यायचं काय राहिलं होतं?”

आईने तोंड फिरवलं आणि ताटल्या उगाच इकडच्या तिकडे करू लागली.

आणि मग मी काय केलं, ते ऐक आणि शिव्या घाल. मी म्हटलं, “तो स्वतः येणार आहे.”

“कधी?”

“पिल्लं बाहेर पडायच्या आधी.”

“त्याने लिहिलंय?”

“हो.”

धडधडीत खोटं. चिठ्ठी दाखव म्हणाले असते तर माझी पंचाईत झाली असती, पण त्यांनी मागितली नाही. नुसतं “बरं” म्हणाले आणि पुन्हा अंड्यांवर वाकले.

कॅन पाठवू नकोस. चिठ्ठी पाठवू नकोस. ‘योग्य प्रमाणात’ वगैरे तर मुळीच लिहू नकोस, नाहीतर मी तिथे येऊन तुझ्या कंपनीच्या दारात तमाशा करीन. ये. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल, त्यांनाही सुचणार नाही. दोघे मिळून अंडी निवडा, मेलेली बाजूला काढायला माणसं हवीच आहेत.

बारकी

२१ मार्च, सकाळ

दादा,

कालचं पत्र अजून माझ्याकडेच आहे, म्हणून त्यातच हे घालते. या वेळी खोक्याबिक्यात नाही, कुरियरने पाठवते आहे, उद्या तुझ्या हातात पडेल.

मी तारीख सांगितली नव्हती. पिल्लं बाहेर पडायला अजून बरेच दिवस आहेत, हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी आज सकाळी उठून बघते तर ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेत. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की उठतात, पुढे होऊन बघतात, आणि परत येऊन बसतात. आईने दोनदा चहाला हाक मारली. म्हणाले, “थांब, इतक्यात नको, तो आला की एकदमच घेऊ.”